प्रोसेसरचे पहिले ओव्हरक्लॉकिंग : रायझन ५ ५६००एक्सच्या उदाहरणासह

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला, तेव्हा ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे, सोपेही होते आणि लाभाचेही. त्याचा गुणक ४.५ वर पक्का केलेला होता आणि बसचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या सामाईक घड्याळाचा, वेग ६६ मेगाहर्ट्झ होता; प्रोसेसरचा वेग म्हणजे या दोहोंचा गुणाकार. मदरबोर्डवर बसचा वेग तेवढा १०० वर नेला, की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चालू लागे, आणि बाजारातले पुष्कळसे नग हा ताण विनातक्रार सोसत. दीडपट वेगाची ती चैन आता उरलेली नाही. पूर्वी प्रोसेसरमधली जी शिल्लक आपण शोधून काढत असू, ती आता तो स्वतःच वापरून टाकतो. तापमान किती आहे, प्रवाह किती खेचला जात आहे, किती कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे गणिते करणारे भाग, कामात आहेत, हे तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या हिशेबाने तपासत राहतो आणि परवडेल तेवढा वेग आपणहून घेतो.

त्यामुळे आज घरी बसून, साध्या हवेच्या कूलरवर, प्रोसेसरला धोका न पत्करता जे मिळते ते पाच ते सात टक्के इतकेच. व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या सर्व कोअर वापरणाऱ्या कामात ते जाणवते. खेळांमध्ये बहुधा जाणवत नाही. ज्याला संगणक ठळकपणे वेगवान हवा आहे त्याने पैसे साठवून वरचा प्रोसेसर घ्यावा, हे मी आधीच सांगून ठेवतो. ज्याला आपले यंत्र आतून कसे चालते ते समजून घ्यायचे आहे, आणि जाता जाता ते थोडे थंड व थोडे वेगवान झाले तर हवेच आहे, त्याच्यासाठी पुढचा लेख आहे. उदाहरण म्हणून एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स घेतला आहे, कारण तो गेली काही वर्षे माझ्याच टेबलावर बी५५० मदरबोर्डवर चालतो आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला हा सहा कोअर आणि बारा थ्रेडचा प्रोसेसर आहे, म्हणजे प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामे हाताळतो. त्याचा मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ, बूस्ट, म्हणजे जमेल तेव्हा मिळणारा कमाल वेग, ४.६ गिगाहर्ट्झ आणि कमाल तापमान ९५ अंश सेल्सिअस आहे.

आधी आपले यंत्र यासाठी योग्य आहे का ते पाहा

रायझनचे जवळजवळ सर्व डेस्कटॉप प्रोसेसर खुले असतात, म्हणजे त्यांचा वेग आपल्याला बदलता येतो. ५८००एक्स३डी हा त्यातला ठळक अपवाद. मात्र मदरबोर्डचा चिपसेटही परवानगी देणारा हवा. ‘बी’ आणि ‘एक्स’ या अक्षरांनी सुरू होणारे बहुतेक चिपसेट, जसे बी४५०, बी५५०, एक्स५७०, ती देतात. ए३२० आणि ए५२० देत नाहीत. इंटेलकडे प्रोसेसरच्या नावात आकड्यांनंतर ‘के’ हवे आणि चिपसेट ‘झेड’ मालिकेतला हवा. बी६६० किंवा बी७६० वर मेमरीचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा गुणक नाही. लॅपटॉपच्या वाटेला मुळीच जाऊ नये. तिथे उष्णता बाहेर काढण्याची सोय आधीच तोकडी असते आणि बहुतेक बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, हे पर्याय दिसतही नाहीत.

एएमडीची वॉरंटी ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान भरून देत नाही, आणि त्यासाठी एएमडीचीच साधने वापरली असली तरी हा नियम बदलत नाही. हे मान्य असेल तरच पुढे जावे.

तयारी

आमच्या विदर्भात ‘कूलर’ म्हटले की खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडणारा पत्र्याचा डबा डोळ्यांसमोर येतो. या लेखातला कूलर म्हणजे प्रोसेसरवर बसणारा पंखा आणि त्याखालचा धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा. ५६००एक्ससोबत मिळणारा रेथ स्टेल्थ हा कूलर मूळ सेटिंग्जपुरता पुरतो, त्यापलीकडे नाही. तोच ठेवायचा असेल तर या लेखातली शक्तिमर्यादा वाढवण्याची पायरी वगळावी आणि थेट व्होल्टेज कमी करण्याच्या पायरीकडे जावे. त्याने तापमान उतरेल आणि वेग थोडा वाढेलही. अन्यथा १२० मिलिमीटरच्या पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरेसा होतो.

कूलर बदलताना एक गोष्ट जपावी. ५६००एक्स ज्यात बसतो त्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नव्हे. जुनी थर्मल पेस्ट घट्ट झालेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि पिना वाकतात. म्हणून आधी संगणक दहा मिनिटे कामाला लावावा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग तो बंद करून, वायर काढून, कूलर पकडून अलगद डावीकडे-उजवीकडे फिरवावा आणि तो सुटल्याचे हाताला कळले की मगच उचलावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवावी. कूलरच्या तळाला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायला विसरू नये. हे सांगायला हसू येते, पण असा पापुद्रा तसाच ठेवून बसवलेले कूलर मी दोनदा पाहिले आहेत, आणि त्यातला एक मीच बसवला होता.

महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, कारण अस्थिर प्रोसेसर केवळ बंद पडत नाही; तो चुकीची गणिते करून चुकीची माहिती डिस्कवर लिहूही शकतो. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. बायोस मूळपदावर आणल्यानंतर विंडोज ती मागू शकते, आणि त्या वेळी ती त्याच संगणकात अडकलेली असेल तर पंचाईत होते. बायोस जुना असेल तर आत्ताच अद्ययावत करून घ्यावा आणि ते काम संगणक यूपीएसवर असतानाच करावे. त्या चार मिनिटांत वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

शेवटी, मूळ स्थितीत परतण्याचा मार्ग माहीत करून घ्यावा. चुकीच्या सेटिंगमुळे संगणक सुरूच झाला नाही, तर मदरबोर्डवरच्या ‘क्लिअर सीमॉस’ लिहिलेल्या दोन पिना, वीज पूर्ण बंद असताना, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडल्या की सर्व काही मूळ स्थितीत येते. पिना सापडल्या नाहीत तर बटणासारखा सीआर२०३२ सेल काढून काही मिनिटे बाहेर ठेवावा. ही जागा संगणकाच्या डब्याचे झाकण उघडे असताना, उजेडात, डोळ्यांनी पाहून ठेवावी.

मूळ स्थितीची मोजणी

काहीही बदलण्याआधी एक वही घ्यावी. मी शाळेची चौकटींची वही वापरतो. प्रत्येक ओळीत तारीख, खोलीचे तापमान, बदललेली एकच गोष्ट, सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या चाचणीचे गुण, सर्वोच्च तापमान आणि शेरा एवढे रकाने पुरतात. पहिली ओळ बायोसच्या मूळ सेटिंग्जची असावी. तापमान, व्होल्टेज आणि वेग दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो सुरू करून सिनेबेंचची दहा मिनिटांची बहुकोअर चाचणी चालवावी. ५६००एक्स मूळ स्थितीत ११,००० च्या आसपास गुण देतो. गुण यापेक्षा पुष्कळच कमी आले, तर कूलर नीट बसला आहे का, पंखा फिरतो आहे का आणि मागे दुसरे काही चालू आहे का हे आधी पाहावे. आजारी यंत्राचे ओव्हरक्लॉकिंग करण्यात अर्थ नसतो.

याच वेळी नवशिक्यांना एक आकडा घाबरवतो. संगणक जवळजवळ रिकामा असताना व्होल्टेज १.४५ पर्यंत उडालेले दिसते आणि पूर्ण भाराखाली ते बरेच खाली येते. हा दोष नाही. एखादेच कोअर क्षणभर जागे होते तेव्हा प्रवाह अगदी थोडा असतो, आणि अशा वेळी उंच व्होल्टेज प्रोसेसरला चालते. उंच व्होल्टेज आणि मोठा प्रवाह एकत्र आले की खरी झीज होते.

मेमरी तिच्या जाहीर वेगाने चालवणारा एक्सएमपी किंवा डीओसीपी हा पर्याय वापरणार असाल तर तो आत्ताच सुरू करावा आणि मेमटेस्ट८६ एकदा पूर्ण चालवून मेमरीची खात्री करून घ्यावी. नंतर काही बिघडले तर दोष मेमरीचा की प्रोसेसरचा, हे ओळखता आले पाहिजे.

व्होल्टेजचे गणित

वेग वाढला की विजेचा खप त्याच प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेज वाढले की तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.२० व्होल्टवर ४.४ गिगाहर्ट्झने चालणारा प्रोसेसर ४.६ वर न्यायला १.३० व्होल्ट लागले असे धरू. वेग साडेचार टक्क्यांनी वाढला, पण खप सुमारे २३ टक्क्यांनी वाढला, आणि ती सगळी उष्णता ५६००एक्समध्ये ८० चौरस मिलिमीटरच्या चिपमधून, म्हणजे नखाएवढ्या जागेतून, बाहेर काढायची आहे. जुन्या पद्धतीप्रमाणे सर्व कोअरना एकच वेग आणि एकच व्होल्टेज ठरवून देण्याचा सल्ला मी म्हणूनच देत नाही. त्यात आणखी एक तोटा असतो: सर्व कोअर ४.५ वर जखडले की एकट्या कोअरला एरवी मिळणारा ४.६ चा बूस्टही हातचा जातो. कोणाला हौस म्हणून तसे करायचेच असेल तर १.२५ व्होल्टच्या वर जाऊ नये, असे माझे मत आहे.

५६००एक्स ज्या पिढीतला आहे त्या झेन ३ च्या प्रोसेसरसाठी याहून चांगली वाट अशी, की वेग आपण ठरवायचाच नाही. प्रोसेसर जो हिशेब करतो त्यातल्या मर्यादा थोड्या सैल करायच्या, आणि प्रत्येक वेगासाठी तो जे व्होल्टेज मागतो त्यातला जादाचा भाग काढून घ्यायचा. पहिल्या कामासाठी प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पीबीओ, आणि दुसऱ्यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर.

पीबीओच्या मर्यादा

बायोसमध्ये ‘एएमडी ओव्हरक्लॉकिंग’ या भागात पीबीओ ‘ॲडव्हान्स्ड’ वर ठेवल्यावर तीन मर्यादा दिसतात. पीपीटी ही सॉकेटला मिळणारी एकूण शक्ती, टीडीसी हा दीर्घकाळ चालणारा प्रवाह आणि ईडीसी हा क्षणिक प्रवाह. ५६००एक्ससाठी मूळ आकडे ७६ वॅट, ६० अँपिअर आणि ९० अँपिअर आहेत. मदरबोर्ड उत्पादक हेच पर्याय स्वतःच्या मेन्यूतही आणखी एकदा देतात. दोन्हींपैकी एकाच जागी बदल करावा, नाहीतर कोणता आकडा लागू झाला ते कळत नाही.

‘मदरबोर्ड’ नावाचा पर्याय निवडू नये. त्यात मर्यादा इतक्या उंच जातात की तापमान हाच एकमेव लगाम उरतो. ‘मॅन्युअल’ निवडून ९५, ७० आणि ११० भरावेत, ‘स्केलर’ ऑटोवर ठेवावा आणि कमाल बूस्ट आणखी वाढवणारा बूस्ट ओव्हरराइड शून्यावर. मग पुन्हा दहा मिनिटांचे सिनेबेंच, आणि वहीत दुसरी ओळ. तापमान ८५ च्या वर जात असेल तर पीपीटी पाच-पाच वॅटने उतरवावी. माझ्याकडे या पायरीवर गुण वाढले ते जेमतेम तीन टक्के, आणि तापमान नऊ अंशांनी चढले. नुसता पीबीओ हा महागडा सौदा आहे.

कर्व्ह ऑप्टिमायझर

लाभ इथे आहे, आणि वेळही इथेच जातो. प्रत्येक वेगाला किती व्होल्टेज लागेल याची एक वक्ररेषा प्रोसेसरमध्ये कारखान्यातच भरलेली असते, आणि तीत सुरक्षिततेसाठी थोडे अधिक व्होल्टेज धरलेले असते. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे आकडा दिला की ती रेषा खाली सरकते. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, आणि उणे ३० ही शेवटची हद्द. व्होल्टेज कमी झाल्यामुळे त्याच शक्तिमर्यादेत आणि त्याच तापमानात प्रोसेसरला वरचा वेग परवडू लागतो. इथे ओव्हरक्लॉकिंग होते ते व्होल्टेज उतरवून, त्यामुळे प्रोसेसर जळण्याची भीती फारशी नाही. धोका आहे तो अस्थिरतेचा.

सर्व कोअर सारखे नसतात. रायझन मास्टर हे एएमडीचे सॉफ्टवेअर सर्वांत चांगल्या कोअरना खुणा करून दाखवते. चांगल्या कोअरना व्होल्टेज अधिक कमी करता येईल असे आपल्याला वाटते, पण बहुधा उलटे घडते: ते कोअर आधीच सर्वांत वरच्या वेगाला, जादा व्होल्टेजच्या सर्वांत कमी शिलकीवर चालत असतात. म्हणून ‘पर कोअर’ निवडून उत्तम दोन कोअरना उणे ५ आणि उरलेल्या चारांना उणे १० द्यावे. चाचणी उत्तीर्ण झाली की पाच-पाचने पुढे जावे, आणि एखादे कोअर अडखळले की त्याला निदान पाच आकडे मागे आणून तिथेच थांबवावे.

आता चाचणीविषयी, कारण मी पहिल्या खेपेला फसलो तो इथेच. मी सर्व कोअरना उणे २० देऊन प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम तीन तास सर्व थ्रेडवर चालवला. एकही चूक आली नाही, गुण वाढले, तापमान उतरले, आणि मी वहीत ‘झाले’ असे लिहून टाकले. तिसऱ्या दिवशी रात्री पडद्यावर फक्त एक पीडीएफ उघडी होती, मी चहा आणायला उठलो होतो, आणि परत येतो तो संगणक नव्याने सुरू होत होता. पुढच्या आठवड्यात असे तीनदा झाले, आणि तिन्ही वेळा संगणक जवळजवळ रिकामा होता. मी आधी यूपीएसवर संशय घेतला, मग पॉवर सप्लायवर. उत्तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘सिस्टिम’ या नोंदवहीत पडून होते: हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा डब्ल्यूएचईए-लॉगर, इव्हेंट १८, कॅश हायरार्की एरर, आणि खाली प्रोसेसर एपीआयसी आयडी ४.

कारण समजले की सोपे आहे. सर्व थ्रेड कामात असतात तेव्हा शक्तिमर्यादेमुळे वेग ४.४ ते ४.५ च्या घरात राहतो, म्हणजे वक्ररेषेचा वरचा भाग तपासलाच जात नाही. रिकाम्या संगणकात एखादे कोअर क्षणभर जागे होऊन जाहीर ४.६ च्याही किंचित वर, ४.६५ पर्यंत उडी घेते, आणि कापून घेतलेले व्होल्टेज नेमके त्या उडीला कमी पडते. आयडी थ्रेडचा असतो आणि एका कोअरला दोन थ्रेड असतात, म्हणून त्याला दोनने भागायचे. ४ म्हणजे शून्यापासून मोजल्यास २ क्रमांकाचे, म्हणजे तिसरे कोअर, आणि रायझन मास्टरमध्ये पाहिले तर तेच माझे सर्वोत्तम कोअर होते. त्याला उणे ८ वर आणल्यावर संगणक तसा परत कधी बंद पडला नाही.

म्हणून चाचणी दोन तऱ्हांनी करावी. पहिली उष्णतेची: सिनेबेंच किंवा ओसीसीटी हा भार टाकणारा प्रोग्राम सर्व थ्रेडवर अर्धा तास. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, एकेका कोअरची. कोअरसायकलर ही मोफत स्क्रिप्ट प्राइम९५ एका वेळी एकाच कोअरवर चालवते आणि कोणते कोअर चुकले ते नोंदवते. त्यात एसएसई हा प्रकार निवडावा. तो भार हलका असल्याने कोअर आपल्या कमाल वेगाला पोहोचते. प्रत्येक कोअरला एक तास धरला तर सहा कोअरचे काम एका रात्रीत होते. प्राइम९५ मध्ये ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ असा संदेश येऊन एखादे कोअर थांबले, तर प्रोसेसरने गणित चुकवले आहे. निळा पडदा आला नाही म्हणून अशी चूक सोडून देऊ नये.

आणखी एक फसवा प्रकार असतो. व्होल्टेज फार कमी झाले की प्रोसेसर कधीकधी बंद न पडता आतल्या आत घड्याळ ताणतो. दाखवला जाणारा वेग वाढलेला दिसतो, काम मात्र कमी होते. एचडब्ल्यूइन्फोमधला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ हा आकडा पूर्ण भाराखाली दाखवलेल्या वेगापेक्षा बराच खाली असेल, किंवा वेग वाढूनही सिनेबेंचचे गुण घसरले असतील, तर एक पायरी मागे यावे. निर्णय नेहमी गुणांवर घ्यावा.

बूस्ट ओव्हरराइडला हात लावायचा असेल तर तो सर्वांत शेवटी, ५० मेगाहर्ट्झपासून, आणि त्यानंतर कोअरसायकलरची रात्र पुन्हा पहिल्यापासून. मी तो शून्यावरच ठेवला आहे.

इंटेलच्या प्रोसेसरविषयी थोडेसे

तिथे गुणक एकेकाने वाढवण्याची जुनी पद्धत अजून चालते, आणि एकेक बदल, नोंद व चाचणी हा क्रम तोच. मात्र तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर आधी बायोस अद्ययावत केलाच पाहिजे. त्यातल्या अनेक प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागितले जाऊन कायमची झीज होत असल्याचे २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले आणि ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोडची, म्हणजे बायोसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली. वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती येण्याआधीच झिजलेला प्रोसेसर तिने पूर्ववत होत नाही, म्हणून असा प्रोसेसर जुना विकत घेताना तो आधी कोणत्या बायोसवर चालला हे विचारावे.

सेटिंग्ज पक्की करणे

रात्रभराची चाचणी आणि आठवडाभराचा नेहमीचा वापर, दोन्ही निर्विघ्न पार पडले की बायोसमध्ये प्रोफाइल साठवावे आणि वहीत शेवटचे आकडे स्वच्छ अक्षरात लिहावेत. पुढे कधी बायोस अद्ययावत केला तर ही सेटिंग्ज पुसली जातात, आणि जुने प्रोफाइल नव्या बायोसमध्ये नीट उतरेलच असे नसते. आकडे वहीतून पाहून हाताने भरणे बरे. पहिले काही महिने, पंधरवड्यातून एकदा इव्हेंट व्ह्यूअर उघडून इव्हेंट १८ ची नोंद आली नाही ना, हे पाहत जावे.

उन्हाळ्यात मोजणी पुन्हा करावी लागते. कूलर खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड करू शकत नाही. खोली जितके अंश तापते, जवळपास तितकेच अंश प्रोसेसर चढतो. माझ्या वहीत जानेवारीतली ओळ आहे ती खोलीत २२ अंश, प्रोसेसर ७०, गुण ११,७६०. मे महिन्यातल्या दुपारी तीच चाचणी, खोलीत ३६ अंश, प्रोसेसर ८५. त्या दिवशी पीपीटी ९५ वरून ८५ वर आणली. तापमान ७९ वर आले आणि गुण फक्त शंभराने उतरले. तेव्हापासून बायोसमध्ये माझी दोन प्रोफाइल आहेत, आणि मार्चअखेरीस खिडकीतल्या कूलरच्या ताट्या बदलायच्या दिवशी मी दुसरे लावतो.